दुःख गिळायचं की सांगायचं?

घरात मरण झालं की चाळीतला शेजार धावून येतो. कुणी चहा आणतं, कुणी भाकरी. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला की जो तो आपल्या कामाला लागतो. मग घरातल्या बाईला सांगितलं जातं, ‘आता रडू नको, पोरांकडं बघ.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण न रडलेलं दुःख जातं कुठं?

बाबूराव बागुलांची ‘आई’ ही कथा वाचा, म्हणजे कळेल. बागूल (१९३०–२००८) नाशिकजवळच्या विहितगावचे. लहानपणी मावशीकडे माटुंगा लेबर कॅम्पात राहिले. त्यामुळे वस्तीतलं जगणं त्यांनी आतून पाहिलेलं. या कथेत गुरुजी वर्गात आईच्या मायेची कविता शिकवतात आणि इकडे पोरं पांडूला त्याच्या आईवरून टोचून बोलतात. बाप गेलेला. विधवा आई बांधकामावर राबते. तिथल्या मुकादमाशी तिचं नाव जोडलं जातं. कुचाळक्या पांडूच्या कानावर पडतात, पण आईचं एकटेपण, तिची भूक त्याला कुणीच सांगत नाही. आईलाही सांगता येत नाही. अखेर माय-लेकरं एकमेकांना दुरावतात. वाचताना आपण आईला दोष देऊ शकत नाही आणि पोरालाही नाही. दोघांच्या दुःखाला वाचाच मिळाली नाही, ही खरी जखम.

याच्या उलट वाट ‘सहावं बोट’, ‘चौथी भिंत’ या संग्रहांच्या कथालेखिका ऊर्मिला पवार यांची. ‘आयदान’ (२००३) हे त्यांचं आत्मकथन. रत्नागिरीकडे त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणून संसार ओढायची. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांतली वीण वेदनेचीच आहे, असं त्या मानतात. तरुण मुलगा गेल्याचं दुःखही त्यांनी या पुस्तकात मांडलं आहे. ते सांगायला किती बळ लागलं असेल, हे आयांना वेगळं सांगायला नको.

बाबासाहेबांनी तरी दुःख कुठं लपवलं? परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत असताना, जुलै १९२६ मध्ये, लाडका राजरत्न गेला. आधीही लेकरं गेली होती. ऑगस्टमध्ये त्यांनी मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून मन मोकळं केलं. एवढा कणखर माणूस, पण बाप म्हणून रडला.

किसा गोतमी मोहरीसाठी दारोदार फिरली, ती कथा आपण सारे जाणतो. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातली मोहरी तिला मिळाली नाही. पण प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी आपलं गेलेलं माणूस तिला सांगितलं, तेव्हा कुठे तिनं मेलेलं लेकरू खाली ठेवलं.

तेव्हा आज जेवणं झाल्यावर घरातल्या म्हातारीजवळ थोडं बसा. तिच्या गेलेल्या माणसाचं नाव आपणहून काढा. ती रडली तर रडू द्या.