कंदील थोडा खाली, आनंद तेवढाच

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आकाशकंदील लावताना स्टुलावरून पडलेले एखादे आजोबा माझ्या दवाखान्यात येतात. वयोमानाने तोल सावरणे कठीण होते, मान वर करताच भोवळ येऊ शकते आणि खुब्याचे ठिसूळ हाड साध्या पडण्यानेही मोडते.

म्हणून सजावट सोडू नये; तिची उंची बदलावी. कंदील खिडकीच्या गजाला, हात सहज पोहोचेल तेथे बांधावा. रांगोळी वाकून न काढता टेबलावरील ताटात काढावी. पणत्यांचे तेल फरशीवर सांडून पाय घसरतो. त्याऐवजी सेलवरचे दिवे लावावेत. माळांच्या वायरी चालण्याच्या वाटेत नसाव्यात.

घरातील तरुणांनी सारे परस्पर उरकू नये. कंदिलाचा रंग आजोबांनी निवडावा. स्टुलावर मात्र नातवाने चढावे.