पीस थंड होऊ द्या!

परवाचीच गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास शेजारच्या वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आल्या. मागोमाग त्यांची लेक. पोरगी प्रॉडक्शन इंजिनिअरिंगची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती, आणि चाकणकडच्या एका कारखान्यात तिची नेमणूकही झाली होती. आमच्या हिने तिची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली!

पण वहिनींच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर थोडी काळजीही होती. “भावोजी, कॉम्प्युटरला गेली असती तर गारेगार ऑफिसात बसली असती हो! आता तेल, ग्रीस आणि खडखडाट. मुलीच्या जातीला झेपेल का हे?”

“वहिनी,” मी म्हणालो, “हा प्रश्न आपल्या पुण्यात पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.” १९७४ साली टेल्कोची एक जाहिरात आली होती, तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते. बंगळूरला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी चिडून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीचे बोलावणे आले, नोकरी मिळाली, आणि त्या पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. तेव्हा झेपण्याची चिंता नको.

वहिनींचे समाधान झाले असावे. लेकीचे मात्र माझ्या टेबलाकडे लक्ष गेले होते. तिथे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक पोलादी शाफ्टचा तुकडा असतो. तो हातात घेऊन ती म्हणाली, “काका, मार्क मिळाले, पदवी मिळाली. आता कारखान्यात जाताना आणखी काय बरोबर न्यायचं, ते सांगा ना.”

सदतीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे कीर्तनकाराला आख्यान लावायला सांगणे! पण मी तिला उपदेश केला नाही. तिच्या हातातल्या त्या तुकड्याची हकीगत तेवढी सांगितली. तीच आज वाचकांनाही सांगतो.

कागद आणि लोखंड

मी १९७८ साली पदवी घेऊन बाहेर पडलो. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. ड्रॉइंग मला उत्तम वाचता येई. गणित तर तोंडावर होते. कारखाना म्हणजे मोठ्या आकाराचे कॉलेज, अशीच माझी समजूत होती.

आपल्याकडच्या थोर कारखानदारांपैकी लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आरंभी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवणारे मास्तर. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांच्या आकृत्यांकडे वळले, आणि पुढे मास्तरकी सोडून लोखंडाकडे. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे म्हणून शेतकरी तो घेईनात. कागदावर नांगर बिनचूक असेलही. पण वापरणाऱ्याच्या मनातली शंका कुठल्या ड्रॉइंगमध्ये दिसणार? ती शेतावर जाऊनच कळते. त्यांनी चिकाटी सोडली नाही, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कागद आणि लोखंड यांच्यामध्ये माणसे असतात, हे त्यांना ठाऊक होते. मला ते एका रात्रीत कळले, आणि महागात पडले.

ती रात्रपाळी

नोकरीला लागून चार महिने झाले असतील. मला रात्रपाळीला ग्राइंडिंग विभागावर नेमले होते. शाफ्टवर बेअरिंग बसण्याची जागा घासायचे काम. व्यास ५० मिलिमीटर. पण नुसते ५० नव्हे, ५०.००२ ते ५०.०१८ च्या दरम्यान. म्हणजे इकडेतिकडे व्हायला जागा अवघी १६ मायक्रॉनची. माणसाचा केससुद्धा याच्या तिप्पट-चौपट जाड असतो!

यंत्रावर एक वयस्क कारागीर होते. सारे त्यांना मामा म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, पण यंत्राच्या नुसत्या आवाजावरून दगड बोथट झाला की नाही ते सांगत. त्या रात्री कूलंटचा पंप मंद चालला होता. पाण्याची धार नीट पडत नव्हती आणि शाफ्ट यंत्रावरून चांगले गरम उतरत होते. मी मायक्रोमीटर लावला, माप ५०.०१० आले. अगदी मधोमध!

मामा म्हणाले, “साहेब, पीस थंड होऊ द्या, मग मोजा. आणि पंपाचंही बघायला हवं.”

सकाळी माल रवाना व्हायचा होता. मी तोऱ्यात उत्तर दिले, “मामा, थंड होऊ द्या असं ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही.”

वाचकहो, गंमत अशी की ते ड्रॉइंगला गृहीतच असते! यंत्रभागाचे प्रत्येक माप २० अंश सेल्सिअस तपमानाचे समजायचे, हा साऱ्या जगाचा संकेत आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९५१ साली जे पहिले, एक नंबरचे मानक काढले, ते ह्याच गोष्टीचे. कारण उघड आहे. एक मीटर लांबीची पोलादी सळई एका अंशाने तापली की सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढते. माझा शाफ्ट ५० मिलिमीटरचा, हातातल्या मायक्रोमीटरपेक्षा वीस अंशांनी गरम. करा हिशेब! साडेअकरा मायक्रॉनचा फुगवटा. थंड झाल्यावर तो ५०.०१० चा शाफ्ट ५० च्याही खाली जाणार. हे गणित मी परीक्षेत सोडवले होते आणि त्याचे पुरते गुण मिळवले होते. यंत्रापाशी उभा असताना ते मला आठवले नाही.

रात्रभरात ८४ शाफ्ट झाले. सकाळी पावणेसात वाजता चहा पिताना मनात काय आले कोण जाणे. मी मध्यरात्रीच्या ढिगातला एक गार शाफ्ट उचलून मोजला. ४९.९९८. दुसरा मोजला, तोही तसाच. पोटात गोळा आला.

आणि मग मी जे केले ते सांगायला आजही जड जाते. मी काहीच केले नाही. रजिस्टरवर सही केली, पहिल्या पाळीच्या इंजिनिअरला “सगळं ठीक आहे” म्हणालो आणि घरी जाऊन पांघरूण ओढून पडलो. झोप कसली येते?

पहिल्या पाळीने माझ्याच सेटिंगवर काम चालू ठेवले. अकरा वाजता तपासनिसाने माल अडवला, तोवर आणखी ५२ शाफ्ट झाले होते. रात्री कामावर गेलो तो कळले, मामांना मेमो मिळाला आहे. कारण कार्डावर बिल्ला नंबर त्यांचा होता.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पंप खोलून जाळी साफ केली. एक वाजता भाकरी सोडली, तेव्हा मी जवळ जाऊन म्हणालो, “मामा, चूक माझी होती. मला सकाळीच कळलं होतं.”

ते म्हणाले, “मला सांगून काय उपयोग, साहेब? ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगा.”

पाळी संपल्यावर मी वर्क्स मॅनेजरांची वाट पाहत बसलो. आठ वाजता ते आले. सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “८४ शाफ्ट तुझ्या अज्ञानाचे. ते कारखाना सोसेल, नवा माणूस शिकायचाच. पण ५२ तुझ्या गप्प बसण्याचे आहेत. ते कुणी सोसायचे?” मामांचा मेमो मागे घेतला गेला, माझी वेतनवाढ सहा महिने लांबली. माझ्या टेबलावर आहे तो शाफ्ट त्या ५२ पैकी.

बरोबर काय न्यायचे?

पोरीला मी म्हटले, आता तुझ्या वेळी सारे बदलले आहे. यंत्रे संगणकावर चालतात, वेल्डिंगला रोबो असतो, माप घेणारे यंत्र २० अंशांवर राखलेल्या खोलीत असते. तरी काही गोष्टी पदवीच्या कागदाबरोबर न्याव्याच लागतात.

पहिली, पाहण्याची सवय. टोयोटाचे ताइची ओनो नवख्या इंजिनिअरला कारखान्याच्या जमिनीवर खडूच्या वर्तुळात उभे करून नुसते पाहायला लावीत, असे सांगतात. पहिला महिना आपणच आपले वर्तुळ आखावे. कोण किती वेळा वाकतो, माल कुठे तुंबतो, कुठल्या यंत्रापाशी झाडू जास्त फिरतो, हे अहवालात नसते.

दुसरी, ‘का?’ विचारण्याची चिकाटी. ह्याच ओनोंचे उदाहरण आहे. यंत्र बंद पडले. का? फ्यूज उडाला. का? भार वाढला, बेअरिंगला तेल नव्हते. का? पंप तेल ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? जाळी नसल्याने आत लोखंडाचा कीस गेला. फ्यूज बदलून परतणारा माणूस आठवड्याने पुन्हा तिथेच येतो. आमच्या पंपाची जाळी मामांनी दुसऱ्या रात्री साफ केली, मी ‘का?’ विचारले असते तर पहिल्याच रात्री झाली असती.

तिसरी, आकड्यांची समज. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर श्युहार्ट यांनी नियंत्रण-आलेखाची युक्ती काढली. दर तासाला चार-पाच पीस मोजून ठिपके मांडत गेले की रोजची बारीक चढउतार कोणती आणि खरा बिघाड कोणता ते ओळखता येते. पण सावध! त्या रात्री मी आलेख काढला असता तर माझे ठिपके सुरेख एका रेषेत आले असते, कारण सारेच पीस मी गरम मोजले होते. आकडा कसा घेतला ते माहीत नसेल, तर तो आकडा हाताशी असून नसल्यासारखा.

चौथी, बोली. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेल्या कामगारांशी त्यांच्या समजेल अशा भाषेत बोलता आले पाहिजे. आणि बोलण्यापेक्षा ऐकता. हाताने चटकन आकृती काढता आली तर अर्धे बोलणे वाचते.

“आणि काका, सुरक्षा?” तिने विचारले. शाबास! अंगठी, बांगडी, ओढणी घरी, केस टोपीखाली, आणि फिरत्या ड्रिलपाशी किंवा लेथपाशी हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचे टोक अडकले की यंत्र हातच ओढते.

आता थोडे आईबापांशी

शेवटची गोष्ट मी पोरीला नव्हे, वहिनींना सांगितली. आपण मुलांना सोळा वर्षे शाळा-कॉलेजात घालतो आणि एकच धडा घोटून घेतो: चूक दिसली की गुण जातात. पेपरातले खाडाखोड केलेले उत्तर परीक्षकाच्या नजरेतून सुटले तर घरी आनंद होतो. अशी तयार झालेली हुशार मुले कारखान्यात जातात आणि पहिली चूक झाली की माझ्यासारखी पांघरूण ओढून पडतात. मी काही दुष्ट नव्हतो. मला चूक सांगायची सवयच नव्हती.

परीक्षेतली चूक वहीत राहते. कारखान्यातली चूक पुढच्या पाळीला जाते, गाडीत बसते, रस्त्यावर धावते. तिच्यावर कुणाची तरी चाके फिरतात. म्हणून जिने पावणेसातला पाहिले तिने पावणेसातलाच तोंड उघडले पाहिजे. आणि ते धैर्य कॉलेजात मिळत नाही, ते घरातून न्यावे लागते.

“तेव्हा वहिनी,” मी म्हणालो, “ह्या वर्षात कधीतरी ही उतरल्या चेहऱ्यानं घरी येईल आणि म्हणेल, ‘आई, आज माझं चुकलं.’ तेव्हा ‘कसं गं चुकलं, इतकी शिकलीस ना?’ असं म्हणू नका. ‘सांगितलंस का साहेबांना?’ एवढंच विचारा, आणि पान वाढा.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. पोरीने शाफ्ट दिव्याखाली धरून नीट न्याहाळला, टेबलावर परत ठेवला आणि विचारले, “काका, मामा पुढे तुमच्याशी बोलले का?”

बोलले. महिन्याभराने, एका रात्री, स्वतः मोजलेला पीस माझ्यापुढे धरून म्हणाले, “साहेब, जरा तुम्ही पण मोजून बघा. थंड झालाय.”