बोगद्यापलीकडची रात्र

कात्रजचा बोगदा ओलांडून शिंदेवाडी आली की पुणे मागे पडते आणि भोर तालुका सुरू होतो. इथून नीरेच्या काठावरच्या सारोळ्यापर्यंतचा पुणे-सातारा महामार्ग, मधला खेड शिवापूरचा हवेलीतला तुकडा सोडला, तर बहुतेक भोरचाच. दिवसा या रस्त्यावर गोदामे, पेट्रोल पंप आणि ट्रकच्या रांगा दिसतात. रात्री नऊनंतर मात्र पाट्यांचे राज्य. ‘चुलीवरचे मटण’, ‘फॅमिली हॉल स्वतंत्र’, ‘एसी परमिट रूम’, ‘गार्डन’. कापूरहोळला एक रस्ता केतकावळ्याच्या बालाजीकडे जातो, दुसरा भोरकडे. त्यामुळे ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी आणि बारची पाटी इथे शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

पुणेकराला रात्रजीवन म्हटले की कोरेगाव पार्क, मुंढवा, नाहीतर बाणेर-बालेवाडी आठवते. भोर-वेल्ह्याचे नाव त्या यादीत कोणी घेणार नाही. पण शहराची रात्र कुठे सरकते, कुठे दाटते आणि कुठून उठून जाते, हे पाहायचे असेल तर या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा नाही. लोकांची आवड बदलली म्हणून पिण्याच्या जागा बदलल्या, असे आपण सहज म्हणतो. इथे तसे दिसत नाही. इथली रात्र परवान्याने, रस्त्याने आणि मीटरच्या फितीने आखलेली आहे. आवड मागाहून येऊन बसते.

पूर्वी या भागात रात्र जागायची ती जत्रेला. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. राजवाड्यातला रामनवमीचा उत्सव, गावोगावच्या चैत्र-वैशाखातल्या यात्रा, पालखी, छबिना, आणि सुपारी देऊन आणलेला तमाशा. मावळातली माणसे कामासाठी मुंबईला, गिरण्यांत, गोदीत, बाजारात. ती यात्रेपुरती गावी यायची आणि गाव दोन-तीन रात्री झोपायचे नाही. त्या रात्रीत दारू नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण तिच्यासाठी वेगळी जागा नव्हती. पाराच्या मागे, ओढ्याच्या कडेला, चार जणांत ती उरकली जायची.

१९४८ साली संस्थान विलीन झाले आणि लगोलग मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाला. आजही आपण त्याच कायद्याच्या छत्राखाली पितो, ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात तत्त्वतः दारूबंदी आहे. पिणारा परवाना घेऊन त्या बंदीतून सूट मिळवतो. म्हणून बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’. एका दिवसाचा परवाना, वर्षाचा परवाना, आजन्म परवाना, असे त्याचे प्रकार. काउंटरवर एकदिवसीय परवान्यांचे पुस्तक असावे लागते. ते असतेही. गल्ल्याच्या खाली, रबर बँड लावलेले. गिऱ्हाईक ते मागत नाही, मालक ते दाखवत नाही, आणि तपासणी आली की पाने भराभर भरली जातात.

कडक बंदीच्या काळाने हातभट्टी वाढवली. गूळ, नवसागर, वाहते पाणी आणि डोंगराची आडबाजू एवढे भांडवल पुरे. भोर-वेल्ह्यात यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना तोटा नाही. साठच्या दशकात बंदी सैल होऊ लागली आणि १९७३ च्या देशी मद्य नियमांनी हातभट्टीला सरकारी पर्याय उभा केला. देशीचे दुकान आले. मात्र त्याच दशकापासून दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणे सरकारने थांबवले. हा निर्णय वाचायला संयमाचा वाटतो. परिणाम वेगळाच झाला. परवाना ही मर्यादित, म्हणून मौल्यवान वस्तू झाली. तो विकत घेता येतो, भागीदारीत चालवता येतो आणि मंजुरी मिळाली की उचलून दुसऱ्या गावी नेता येतो. दुकान ‘उघडत’ नाही, ते ‘स्थलांतरित होते’. एखाद्या फाट्यावर अचानक वाइन शॉप उभे राहिले की समजावे, दुसऱ्या कुठल्या तरी गावातले एक कमी झाले. बारची गोष्ट निराळी. त्याचा परवाना, ज्याला धंद्यातले लोक एफएल-३ म्हणतात, नव्याने मिळू शकतो. म्हणून रस्त्याकडेला वाढले ते बार.

रस्त्याने बाकीचे काम केले. कात्रजचा जुना घाट चढून-उतरून दमलेला ट्रक पायथ्याला थांबायचा. ढाबे तिथे वाढले. सुवर्ण चतुष्कोन योजनेत रस्ता चौपदरी झाला, नवा बोगदा आला, २०१० नंतर सहापदरीकरण सुरू झाले. उड्डाणपूल आले तसे फाट्यावरचे ढाबे पुलाखाली गेले आणि गाड्या डोक्यावरून. ज्याची जागा सेवारस्त्याला लागून राहिली तो तरला. ज्याच्या दारासमोर कठडा आला त्याने पाटी उतरवली. मुख्य म्हणजे गिऱ्हाईक बदलले. ट्रकवाल्याच्या जागी शनिवारी संध्याकाळी गाडी काढून मटण खायला येणारा पुणेकर आला, आणि त्याच्यासोबत गोदामांत, कारखान्यांत राबणारा परप्रांतीय कामगारही. एकाला हिरवळ, दिव्यांच्या माळा आणि मुलांसाठी झोपाळा लागतो. दुसऱ्याला अंडाभुर्जीची गाडी आणि सुटे पैसे. एकाच फाट्यावर, शंभर पावलांच्या अंतरात, दोन वेगळ्या रात्री चालतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत.

इथल्या परमिट रूमची रचना एकदा नीट पाहावी. दर्शनी भागात लखलखीत हॉल, कुटुंबांसाठी. बाजूने एक पडदा किंवा अर्धा काचेचा दरवाजा, त्याच्या आत बार. आतही दोन वर्ग, एसी आणि नॉन-एसी. त्याच बाटलीचा दर दोन्हीकडे वेगळा. टेबलावर आधी चकणा येतो. शेंगदाणे, चणाडाळ, काकडीच्या चकत्या, लिंबाची फोड. हा फुकट असतो आणि खारट असतो, दोन्ही हिशेबानेच. वेटर बहुधा ओडिशा, नेपाळ किंवा झारखंडचा. त्याला मराठीतले ‘क्वार्टर’, ‘चपटी’, ‘अळणी’, ‘सुक्कं’ एवढे पुरते. ग्रामीण हद्दीत बंद करायची वेळ शहराच्या आधी येते, म्हणून ती जवळ आली की ‘शेवटची ऑर्डर’ची हाक फिरते. त्यानंतर बार बंद आणि स्वयंपाकघर चालू, असा तास-दीड तासाचा एक संधिकाल असतो. त्यात काय काय होते हे सगळ्यांनाच माहीत असते.

या सगळ्या मांडणीला खरा धक्का बसला तो २०१७ मध्ये. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ ला त्यात दुरुस्ती झाली: वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर. दुसऱ्या दिवसापासून अंमल. राज्यभरातले हजारो बार आणि दुकाने त्यात सापडली. दारूच्या धंद्यात तोवर जागेची किंमत ‘रोड टच’ म्हणून वाढायची. एका रात्रीत तोच रोड टच शाप ठरला. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या एका बारने आपल्या दारापुढे नागमोडी वाट बांधून चालायचे अंतर वाढवले आणि तिची छायाचित्रे देशभर गाजली. आपल्याकडे इतकी कल्पकता कशाला? सरकारांनी शहरातून जाणारे रस्ते महामार्गांच्या यादीतून काढून टाकायला सुरुवात केली.

जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की हा आदेश नगरपालिका हद्दीला लागू नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने भोर शहर, लहान का होईना पण नगरपालिका असलेले, मोकळे झाले. चेलाडी, किकवी, कापूरहोळचे महामार्गालगतचे पट्टे ग्रामपंचायतींचे म्हणून अडकलेलेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये शहरासारख्या विकसित ग्रामपंचायतींबाबत राज्यांनी ठरवावे, अशी मुभा मिळाली आणि पाट्या पुन्हा लागल्या. एवढ्या घडामोडीत पिणाऱ्यांची आवड तसूभरही बदलली नव्हती. न्यायालयापुढचा मूळ प्रश्न होता दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांचा. तो मीटरच्या फितीने मोजायला घेतला आणि फितीतच गुंडाळला गेला, असे माझे मत आहे.

नंतरचा बदल कराने केला. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० रुपये, तर भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये ठरली. १४ जुलै २०२५ ला बारमालकांनी राज्यभर बंद पाळला. पण दर वाढला म्हणून पिणारा घरी बसत नाही. तो दुकानातून बाटली घेतो आणि ढाब्यावर जातो. विनापरवाना ढाब्यावर पिऊ देणे हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली मालकाचा गुन्हा आणि तिथे पिणे हा कलम ८४ खाली गिऱ्हाइकाचा. उत्पादन शुल्क खात्याचे छापे पडतात, कोर्टात दंड भरला जातो आणि आठवड्याने स्टीलचे पेले पुन्हा टेबलावर येतात. पेला स्टीलचा, कारण आतला रंग दिसत नाही.

वेल्ह्याकडची रात्र याहून निराळी. हा पुणे जिल्ह्यातला लोकसंख्येने सर्वांत लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत जेमतेम पन्नास-पंचावन्न हजारांचा. राजगड आणि तोरणा इथले, पानशेत आणि वरसगावची धरणे इथलीच. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. इथे बार मोजके. रात्र भरते ती धरणाच्या पाण्याकडेला, फार्महाऊसवर, तंबूंत. आणि ती जवळजवळ पूर्ण शहरातून आयात होते. बाटली, बर्फ, स्पीकर, सगळे डिकीतून येते. गावाला मिळते ती चुलीवरच्या जेवणाची ऑर्डर, राखणदाराची नोकरी आणि सोमवारी सकाळी काचा.

याची पहिली मोठी जाहीर झलक २००७ च्या मार्चमध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्यात दिसली. तिथे चाललेल्या रेव्ह पार्टीवर पुणे ग्रामीण पोलिसांनी छापा घालून अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. तेव्हा सगळी चर्चा अमली पदार्थ आणि ‘आजची पिढी’ यांवर गेली. भूगोलाकडे कोणी पाहिले नाही. शहरातल्या क्लबवर डोळा असलेले पोलीस आणि ठरलेली वेळ. डोणज्यात अंधार, मोकळे रान आणि दूरचे पोलीस ठाणे. पार्टी तिथे गेली यात नवल कसले?

तेच पुढे पुन्हा पुन्हा झाले. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात दोघांचा जीव गेल्यावर पुण्यातल्या पबवर कारवाईचा धडाका लागला. परवाने निलंबित झाले, रात्री दीडची वेळ काटेकोर पाळली जाऊ लागली. शहरात झाकण घट्ट बसले की वाफ कडेने निघते. मुंबईने याचा दुसरा प्रकार पाहिला आहे. ज्या गिरण्यांत मावळातली माणसे पाळ्या करत होती, त्यांच्याच आवारात पुढे पब थाटले गेले. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. तिथे रात्र गिरणीच्या मोकळ्या जागेत शिरली, इथे ती भाताच्या खाचरात शिरते आहे. दोन्हीकडे आधी जमिनीचा वापर बदलतो, मग नियम धापा टाकत मागून येतात.

गडांवरची कथा तर सगळ्यांना ठाऊकच आहे. ३१ डिसेंबरला राजगड, तोरणा, सिंहगडाच्या पायथ्याशी शिवप्रेमी तरुण पहारा देतात, पिशव्या तपासतात. त्यात अतिरेक होतो तेव्हा तो खुपतो. पण जे काम खात्यांनी करायचे ते पोरांना थंडीत उभे राहून करावे लागते, हेही खरे. गटारीला, म्हणजे आषाढ अमावास्येला किंवा तिच्या आधीच्या रविवारी, मढे घाटाच्या रस्त्यावर कोणी पहारा देत नाही. तेव्हा तोरण्याखालच्या वळणावळणांवर गाड्या कशा लागलेल्या असतात, हे केळदच्या बाजूच्या कुणालाही विचारावे.

गावाच्या हाती एक हत्यार आहे: बाटली आडवी करण्याचे मतदान. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते. पण दुकान बंद व्हायचे तर झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. नोकरीला बाहेर गेलेली, माहेरी असलेली, आजारी असलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात धरली जाते. शिवाय ही तरतूद गावच्या दारूसाठी, गावच्या नवऱ्यांसाठी आखलेली. महामार्गावरच्या फाट्यावर पिणारा मतदार पुण्याच्या कुठल्या तरी प्रभागात असतो आणि गोदामातल्या कामगाराचे नाव त्याच्या गावच्या यादीत. त्रास सोसणारी बाई तेवढी इथली.

आता पुण्याचा वर्तुळाकार रस्ता भोर तालुक्यात येऊन सातारा महामार्गाला मिळणार आहे. त्या जोडाच्या आसपास जमिनीची चौकशी करणाऱ्यांत गोदामवाले आहेत, मंगल कार्यालयवाले आहेत आणि परमिट रूमवालेही. रस्त्यापासून दार किती मीटरवर पडेल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पाणी आहे का, हा दुसरा.