पुंडलिकाची वीट आणि परदेशीचा मुक्काम

आषाढी एकादशीस पंढरीत आम्ही वर्षानुवर्षे पुंडलिकाचे आख्यान लावतो. मातापित्यांची सेवा चालू असताना दारी आलेल्या परब्रह्मालाही त्याने विटेवर तिष्ठत ठेविले. यंदा मात्र आख्यान सांगताना आमचाच कंठ दाटून आला. कॅनडात स्थायिक झालेल्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांस बोलाविले आहे.

तेथील शासनाने २०११ साली आईवडील व आजीआजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र मुलाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेइतके हवे, आपली वैद्यकीय तपासणी हवी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा हवा. पुंडलिकाला भक्ती पुरली. आजच्या पुत्राला कागदही जमवावे लागतात.

तरीही हा परवाना पाहुण्याचा, कायम वास्तव्याचा नव्हे. म्हणून आम्ही कळविले, “येऊ, नातवंडांना हरिपाठ शिकवू, परंतु पुढील आषाढीस आम्हांस वाळवंटी कीर्तनास उभे राहावयाचे आहे.”

वाचकहो, मुलांचे बोलावणे प्रेमाने स्वीकारावे. विम्याच्या अटी व परतीची वाट मात्र आधीच पाहून ठेवावी. सेवा करणाऱ्याप्रमाणे सेवा घेणाऱ्यासही धर्म असतो. मुलाच्या शिरी झेपेल तेवढाच भार ठेवावा, हा तो धर्म.