त्वचाचिकित्सालयाची तपासणी

ज्या तंजावर प्रांतात दुसऱ्या सरफोजी महाराजांनी धन्वंतरी महालात औषधांच्या गुणांचा शोध व नोंद यांस राजाश्रय दिला, त्याच प्रांतातील तिरुवैयारु येथे आज कोणी सौंदर्योपचाराचे त्वचाचिकित्सालय काढू म्हणेल, तर त्यास तमिळनाडूच्या १९९७ च्या चिकित्सालय-नियमन कायद्यान्वये, ज्याचे नियम २०१८ साली जारी झाले, सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. तपासणीत डॉक्टरांच्या सनदेखालोखाल महत्त्व उपकरणांस असते. लेसरच्या संरक्षक चष्म्यावर छापलेला तरंगलांबीचा आकडा यंत्राच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. कारण १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांस दिसत नसला तरी दृष्टिपटल जाळू शकतो. सुरकुत्यांवरील बोट्युलिनम औषधाची कुपी सामान्यतः २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. आणि वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यातच टाकाव्या लागतात. तथापि तपासनीस नित्य हजर नसतो. म्हणून उपचार घेणाराने नोंदणीचा दाखला व डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहण्यास मागावा, सुईचे वेष्टन आपल्यासमक्ष फोडावयास सांगावे आणि संमतिपत्र वाचल्यावाचून सही करू नये.