स्टंटची गाडी, रस्त्याची गाडी

कोल्हापूरकरांचे तीन नाद जुने. कुस्ती, फुटबॉल आणि गाडी. पहिल्या दोन्हींवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तिसऱ्यावर बोलतो. १९८३ साली राजदूत ३५० आली, १९८५ साली यामाहाची आरएक्स हंड्रेड आली आणि गाडीचा आवाज काढत रंकाळ्याला फेरी मारणं ही तरुणांची संध्याकाळ झाली. पण ती हौस वेगाची होती. चाक उचलण्याची हौस नंतरची. १९९९ ला सीबीझेड, २००१ ला पल्सर, २००३ ला करिझ्मा अशा जरा ताकदीच्या गाड्या आवाक्यात आल्या. २००४ साली ‘धूम’ चित्रपट आला, २००९ मध्ये टीव्हीवर पल्सरच्या स्टंटचा कार्यक्रम सुरू झाला, आणि शाळकरी पोरालाही दोन शब्द पाठ झाले. व्हीली, म्हणजे पुढचं चाक हवेत नेऊन मागच्या चाकावर चालणं. आणि स्टॉपी, म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलणं.

माझा धंदा गाड्या उघडण्या-जोडण्याचा. त्यामुळे ही पोरं माझ्याकडे येतात. "काका, मागचं स्प्रॉकेट मोठं करून द्या की." मी विचारतो, कशाला? "स्टंटला." मग कॉलेजला कशावरून जाणार? "हीच की!" या दोन शब्दांतच सगळा घोळ आहे. स्टंटची गाडी कशी निवडतात आणि कशी बनवतात, हे एकदा नीट समजून घेतलं, तर तीच गाडी घेऊन दाभोळकर कॉर्नरला का जाता येत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी चाक उचलतं कसं ते पाहू. तळहातावर काठी उभी धरून तोल सांभाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. काठी पुढे झुकली की हात पुढे न्यायचा, मागे झुकली की मागे. व्हीलीत तळहात म्हणजे मागचं चाक आणि काठी म्हणजे गाडी अधिक स्वार. थ्रॉटल दिला की पुढचा भाग वर येतो, सोडला की खाली जातो. गाडी आणि माणूस यांचं मिळून वजन मागच्या चाकाच्या बरोबर माथ्यावर आलं की एक अशी जागा सापडते, जिथे फारशी ताकद न लावता गाडी उभी राहते. खरा स्टंटवाला या जागेच्या आसपास खेळतो, आणि तेही अगदी हळू, माणूस चालेल इतक्या वेगानं, गोल गोल. भरधाव जाऊन चाक उचलणाऱ्याला तोल येतो असं समजू नका. वेग त्याला तात्पुरता सावरून धरत असतो, एवढंच.

म्हणून स्टंटसाठी सर्वांत वेगवान गाडी निवडणं हा पहिला गैरसमज. ‘धूम’मधली हायाबुसा १२९९ सीसीची. ती पडद्यावर शोभते, पण एवढं वजन चौकाएवढ्या जागेत गोल फिरवायचं म्हणजे शिक्षाच. परदेशातल्या स्टंटवाल्यांच्या आवडत्या गाड्या मधल्या ताकदीच्या आहेत. कावासाकीची ६३६ आणि होंडाची सीबीआर ६०० एफफोरआय या दोन तर त्यांच्या जगात वर्षानुवर्षं गाजल्या. चार वेळा जगज्जेता झालेला जर्मनीचा ख्रिस फायफर, जो २०२२ साली वारला, तो बीएमडब्ल्यूच्या एफ ८०० आरवर खेळ करायचा. तिला अंगभर प्लॅस्टिक नाही, हँडल सरळ आणि रुंद. आपल्याकडे हेच काम पल्सर, अपाची आणि २०१२ साली आलेली केटीएम ड्यूक २०० यांनी केलं. ड्यूक तर आपल्या चाकणला बनते. वजन दीड क्विंटलच्या आसपास, ताकद पंचवीस अश्वशक्तीच्या घरात, फ्रेम नळ्यांची आणि मजबूत. शिकायला यापेक्षा जास्त लागत नाही.

निवडताना मी चार गोष्टी बघतो. खालच्या आरपीएमला इंजिन ओढतं का? मागे डिस्क ब्रेक आहे का? हँडल उंच आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पार्ट स्वस्त आणि गावात मिळणारे आहेत का? कारण गाडी पडणार. दिवसातून दहा वेळा पडणार. आरसीसारख्या रेसिंग धाटणीच्या गाडीचं हँडल खाली वाकलेलं असतं, प्लॅस्टिक महाग असतं. अशी गाडी घेतली तर ते प्लॅस्टिक उतरवून, वरचा क्लॅम्प बदलून सरळ हँडल बसवावं लागतं. मग ती मुळात घ्यायचीच कशाला?

आता बदल. पहिला मान स्प्रॉकेटचा, ज्याला गॅरेजात पोरं चेनपॉकेट म्हणतात. समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात आहेत आणि मागच्याला ४२. म्हणजे पुढचं तीन वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. मागे ५६ दातांचं बसवलं की हे प्रमाण चारास एक होतं. त्याच इंजिनातून मागच्या चाकाला एक तृतीयांश जास्त जोर मिळतो आणि त्याच आरपीएमला वेग मात्र पाऊणपट उरतो. थ्रॉटल जरा हलवला तरी पुढचं चाक उठतं, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी गोगलगाईसारखी चालवता येते. साठ दातांपर्यंत जाणारेही आहेत. चेन अर्थातच लांब घ्यावी लागते. अशी गाडी हायवेला साठच्या पुढे नेली की इंजिन किंचाळायला लागतं.

दुसरा बदल हातब्रेकचा, आणि माझ्या मते जीव वाचवणारा तोच. चाक प्रमाणाबाहेर वर गेलं तर थ्रॉटल सोडून भागत नाही. वजन एकदा मागच्या चाकाच्या पलीकडे गेलं की गाडी उलटी होणारच. त्या क्षणी मागचा ब्रेक हलकेच दाबला तर पुढचा भाग खाली येतो. म्हणून व्हीली शिकणाऱ्यानं आधी मागचा ब्रेक शिकायचा, मग थ्रॉटल. पण सीटवर उभं राहिल्यावर किंवा टाकीवर पाय टाकून बसल्यावर उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर पोचतच नाही. म्हणून डाव्या हाताला क्लचच्या खाली आणखी एक लिव्हर बसवतात आणि मागच्या डिस्कला दुसरा कॅलिपर. एक बोट क्लचवर, एक बोट ब्रेकवर. मागे ड्रम ब्रेक असेल तर हे काम नीट होत नाही, म्हणून मघाशी डिस्कचं विचारलं.

तिसरी गोष्ट केज, म्हणजे इंजिनाभोवतीचा पाइपांचा पिंजरा. मागे सीटखाली एक दांडी, जी गाडी अगदी उभी झाली की जमिनीला टेकते आणि गाडी उलटू देत नाही. घड्याळाचा काटा बाराला उभा असतो तशी ती अवस्था, म्हणून तिला बाराची दांडी म्हणतात. लेथ आणि वेल्डिंग म्हटलं की कोल्हापूरकराला कुणाचं ऐकावं लागत नाही, आपलं उद्यमनगर त्यासाठीच आहे. तरी सांगतो. फर्निचरचा पातळ पाइप वापरू नका, तो वेल्डच्या कडेला तडकतो. केज बाजारातल्या लेगगार्डसारखी एकाच बोल्टवर लटकवू नका. इंजिन माउंटिंगच्या बोल्टांवर, दोन्ही बाजूंनी बांधलेली हवी. आणि फ्रेमला थेट वेल्डिंग मारू नका. फ्रेमची ताकद त्या टाक्यापाशी संपते.

बाकीचं थोडक्यात. आयडलिंग वाढवतात, म्हणजे अगदी हळू फिरताना इंजिन बंद पडत नाही. मागच्या टायरमधली हवा निम्म्याहून खाली आणतात. रस्त्यावर तीस पॉइंटच्या आसपास असते, ती दहा-बारापर्यंत उतरते. टायर पसरतो आणि तोल धरायला बूड मिळतं. क्लच प्लेट भराभर जातात, त्यांचा एक संच कपाटात असू द्यावा. चाक प्रत्येक वेळी खाली आपटतं, त्याचा मार फोर्क आणि कोनसेटवर बसतो, तेव्हा आठवड्याला पुढचं चाक उचलून हँडल हलवून बघावं. गाडी उभी झाली की ऑइल मागे सरकतं आणि पंपाला हवा ओढावी लागते. ऑइल कमी असेल तर लांब व्हीलीत इंजिन कोरडं चालतं आणि बिचाऱ्या पोराला कळतही नाही. कार्ब्युरेटरची गाडी उभी केली की पेट्रोलची पातळी बिघडते, म्हणून फ्युएल इंजेक्शनची बरी.

आता हीच यादी उलटी वाचा. मागच्या टायरात दहा पॉइंट हवा असलेली गाडी ताराराणी चौकातून वळवा, टायर रिमवरून सरकतो. वाढवलेल्या आयडलिंगमुळे थ्रॉटल सोडला तरी गाडी पुढे ढकलत राहते, म्हणजे समोर शाळेची रिक्षा थांबली की ब्रेकचं अंतर वाढलं. वजन कमी करायला हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, मडगार्ड काढलेलं असतं. १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, स्टंटवाला पहिली तार त्याचीच काढतो. मैदानात हे सगळे गुण आहेत. पावसाळ्यात, शेण-माती झालेल्या रस्त्यावर, आई-बापाला मागे बसवून जाताना हेच दोष. एका गाडीला दोन्ही स्वभाव देता येत नाहीत.

कायदाही तेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही ठेवलं. आणि आई-वडिलांनो, हे तुमच्यासाठी. पोरगं अठराच्या आतलं असेल आणि गाडीवर गुन्हा केला तर १९९ अ कलमाखाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. "त्याला घेऊन दिली नाही तर रुसतो," असं सांगणारे वडील माझ्या दुकानात येतात. मी त्यांना चहा पाजतो आणि हे कलम सांगतो.

मग पोरांनी खेळूच नये का? तसं मी म्हणत नाही. तालमीत आलेल्या नवख्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी खासबागेत उतरवत नाही. आधी माती, मेहनत, पडायचं कसं ते. मोटरखेळाचंही तसंच आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच गावात आहे. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते राष्ट्रीय स्पर्धांत उतरले, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचले. हे काही कावळा नाक्यावर चाक उचलून झालं नाही. तो ट्रॅक चारचाकी कार्टसाठी आहे, स्टंटसाठी नाही, हे मला ठाऊक आहे. पण बंद जागा, हजर असलेला जाणता माणूस आणि बाजूला उभी गाडी, दवाखान्यात न्यायला, एवढी व्यवस्था चार पोरांनी मिळून करता येते. एखाद्या कारखान्याचं सुट्टीच्या दिवशी मोकळं पडलेलं डांबरी आवार मालकाच्या लेखी परवानगीनं मिळू शकतं. आयएसआयचा फुल फेस हेल्मेट, गुडघे-कोपर-पाठीचे गार्ड, घोट्यापर्यंतचे बूट. हे पैसे स्प्रॉकेटच्या आधी खर्च करायचे. आणि मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी घ्या. हातातून गाडी सुटली की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं, मोकळी गाडी बघणाऱ्यांच्या अंगावर जात नाही.

गाडी जुनीच घ्या, पण कागद बघून. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, फ्रेमला कुठे टाका मारलाय का ते बॅटरी धरून शोधा. एकट्याला परवडत नसेल तर तिघांत एक गाडी घ्या, नाहीतरी एक जण चालवताना दोघांनी बघायचंच असतं. आणि ती मैदानापर्यंत चालवत न्यायची नाही. छोटा हत्ती भाड्यानं मिळतो. दोन पट्ट्यांनी गाडी बांधायची, न्यायची, तशीच परत आणायची. भाडं तिघांनी वाटून घ्यायचं.