समजून घ्या : किरणोत्सारी औषध गाठीत किती, किडनीत किती? उंदरांवर हे कसं मोजतात?

काळाचौकीजवळच, परळच्या जेरबाई वाडिया मार्गावर भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या रुग्णांना ‘ल्युटेशियम-१७७ डोटाटेट’ हे किरणोत्सारी औषध शिरेतून दिलं जातं. या उपचारात आणखी एक सलाइन काही तास चालतं. त्यात अमिनो आम्लं असतात. ते गाठीसाठी नसतं, किडनी वाचवण्यासाठी असतं. त्याची गरज का पडते, याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिलं आहे.

औषध गाठीपर्यंत पोहोचतं कसं?

ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी भाग. तो ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होतो आणि साडेसहा दिवसांच्या आसपास निम्मा होतो. डोटाटेट हे त्याला गाठीपर्यंत नेणारं पेप्टाइड. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर भरपूर असतात. पेप्टाइड त्यांना चिकटतं आणि पेशी त्याला आत ओढून घेते.

मोजमाप कसं होतं?

गाठ वाढवलेल्या उंदराच्या शेपटीच्या शिरेत औषध टोचतात. एका गटातले उंदीर तासाभराने, दुसऱ्यातले चार तासांनी, तिसऱ्यातले २४ तासांनी मारले जातात. रक्त, यकृत, किडनी, प्लीहा, हाडं आणि गाठ वेगळी काढून वजन करतात आणि गॅमा काउंटरमध्ये ठेवतात. टोचलेल्या औषधाचाच थोडा नमुना बाजूला ठेवून तोही त्याच वेळी मोजतात. त्यामुळे मधल्या काळात किरणोत्सार कमी झाला, तरी हिशेब चुकत नाही.

समजा, अर्ध्या ग्रॅमच्या गाठीत एकूण औषधाचे ४ टक्के सापडले, तर आकडा होतो प्रति ग्रॅम ८ टक्के.

बातम्यांमध्ये बहुतेक वेळा एवढाच आकडा छापला जातो. खरी माहिती मात्र उरलेल्या अवयवांत असते. ल्युटेशियम पेप्टाइडपासून सुटलं, तर ते हाडांत जाऊन बसतं. औषधाचे कण एकमेकांना चिकटले, तर ते यकृत आणि प्लीहेत अडकतात. आयोडीनचं औषध असेल आणि आयोडीन सुटलं, तर थायरॉइड चमकतं. म्हणजे रसायन कुठे फसलं, ते अवयवच सांगतो. गाठीतलं औषध खरंच रिसेप्टरमुळे जमलं का, हेही तपासतात. किरणोत्सार नसलेलं तेच पेप्टाइड आधी भरपूर देऊन रिसेप्टर अडवतात. त्यानंतर गाठीतला आकडा कोसळला, तर औषध योग्य जागी जात होतं.

मग किडनीचं काय?

पेप्टाइड आकाराने लहान असल्याने किडनीतून गाळलं जातं. बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं, पण काही भाग किडनीच्या नलिका परत शोषून घेतात आणि त्याबरोबर किरणोत्सारही तिथेच राहतो. लायसिनसारखी अमिनो आम्लं दिली की हे शोषण कमी होतं, हे उंदरांमध्येही दिसलं. आज रुग्णांना लायसिन आणि आर्जिनिन दिलं जातं ते त्यामुळेच. कारण औषध किती द्यायचं, हे किडनी आणि अस्थिमज्जा किती सहन करतील यावरही ठरतं.

उंदराचा आकडा माणसाला लागू होतो?

जसाच्या तसा नाही. उंदीर २५ ग्रॅमच्या आसपास, त्याचं रक्त झपाट्याने फिरतं आणि शरीराच्या मानाने त्याची गाठ फार मोठी असते. त्यामुळे शेवटचा हिशेब रुग्णाच्याच गॅमा कॅमेऱ्यातल्या प्रतिमांवरून करावा लागतो.

उंदीर किती मारायचे, हाही प्रश्न आहेच. अशा प्रयोगांना प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. आता लहान प्राण्यांसाठीचे स्पेक्ट आणि पेट स्कॅनर आल्याने एकच उंदीर भूल देऊन अनेकदा तपासता येतो आणि प्रत्येक वेळेसाठी वेगळा गट लागत नाही. मात्र प्रतिमेत बारीक अवयव नीट वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे वजनकाटा आणि गॅमा काउंटर अजून प्रयोगशाळेतून गेलेले नाहीत.